शनीचं कडं

आमच्या ह्यांचा, म्हणजे श्रीपादरावांचा, गणपतीतल्या व्याख्यानावर भारी जीव. कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले, पण आमच्या उज्जैनच्या मराठी मंडळाची ती एक संध्याकाळ त्यांचीच. यंदा सेक्रेटरी प्रभाकर आमच्याच घरी चहा पिता पिता म्हणाला, "काका, घरोघरी केबल आलीय, भाषण कोण ऐकतं? हॉल शेवटपर्यंत भरलेला राहिला तर ठीक, नाहीतर पुढच्या साली ऑर्केस्ट्रा." ह्यांचा चेहरा असा उतरला, की प्रभाकरच्या हातातली कपबशी काढून घ्यावीशी वाटली मला.

विषय होता शनीची कडी आणि त्यांच्यातले छोटे चंद्र. देवास गेटच्या पेंटरला मराठी येत नाही. त्याने आपल्या मनाने बोर्ड रंगवला: 'शनि का कड़ा'. आता उज्जैनात शनीचं कडं म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. साडेसातीत मनगटात घालायचं ते लोखंडाचं कडं.

झालं, संध्याकाळी हॉल खचाखच. कुणी कडं घेऊन आलेलं, कुणी तेलाची बाटली. प्रभाकर खूश. मी ह्यांच्या कानात सांगितलं, "बोर्डाचं काही बोलू नका, सरळ सुरू करा." पण ऐकतील तर ते कसले! माईक घेतला आणि पहिलंच वाक्य, "बोर्डावर चूक झाली आहे. माझ्याकडे साडेसातीचा उपाय नाही. ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं." अस्सा राग आला मला म्हणून सांगू. खुर्च्या सरकायला लागल्या.

हे आपले शांतपणे तक्त्यावर बोट ठेवून सांगतायत. शनीचं कडं म्हणजे बर्फाचे असंख्य तुकडे, शनीभोवती फिरणारे. त्यांच्यात एक एवढासा चंद्र, इथून निघालो तर देवास यायच्या आत संपेल. "आतले तुकडे त्याच्या पुढे निघून जातात, बाहेरचे मागे पडतात. जवळून जाताना तो प्रत्येकाला जरासा ओढतो, हात न लावता. तेवढ्याने त्यांची वाट बदलते, काठाला लाटा उठतात, आणि तो मधल्या मोकळ्या गल्लीतून चालत राहतो."

पहिल्या रांगेतल्या माई उठता उठता थांबल्या. मिल बंद पडल्यापासून त्यांचा मुलगा घरी बसलाय, हे मला ठाऊक होतं.

"इतकुसा तो, आणि शनीच्या कड्यात लाटा उठवतो?" माईंनी विचारलं. "शनी त्याला काही करत नाही?"

हे म्हणाले, "शनीला त्याची खबरसुद्धा नाही, माई. आपली तरी कुठे आहे?"

"पक्कं?"

"पक्कं."

माई खाली बसल्या. व्याख्यान संपलं तेव्हा जेमतेम दोन रांगा उरल्या होत्या, आणि प्रभाकर माईककडे निघाला होता. माईंनी ह्यांची बाही धरली. "गुरुजी, माझा पोरगा अंथरुणातून उठत नाही. शनी मागे लागलाय म्हणतो. आत्ता चला, त्याला हेच सांगा."

ह्यांनी तक्ता गुंडाळला. मी म्हटलं, "अहो, प्रभाकर काय बोलतोय ते तरी ऐका," पण हे पायऱ्यासुद्धा उतरले होते.

मागे पुढच्या सालच्या ऑर्केस्ट्राची घोषणा झाली, टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे रिक्षात बसून माईंना विचारत होते, मुलगा कितवीपर्यंत शिकलाय.