तीन आठवडे बंद राहिलेले घड्याळ

सुचेता गेल्याचे कळले त्या दिवशी मी चालू होतो. वेळही बरोबर दाखवत होतो. गुरुवार होता, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. रुग्णालयातल्या एका सिस्टरने सुचेताच्या नवऱ्याच्या, पंढरीनाथच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी दिली आणि कागदावर त्याची सही घेतली. पिशवीत मंगळसूत्र होते, केसांचा चिमटा होता, ओळखपत्र होते आणि मी होतो.

सकाळी शिकाऊ नर्सना शिकवता शिकवता सुचेता खुर्चीत बसली आणि पुन्हा उठलीच नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. वय एक्केचाळीस.

सिस्टर म्हणाली, "दादा, त्यांचा स्टेथोस्कोप वर वॉर्डात आहे. आणून देऊ का?"

"नको," पंढरीनाथ म्हणाला. "तो तुमच्याकडेच राहू दे."

मग त्याने पिशवीतून मला काढले आणि शर्टाच्या खिशात ठेवले. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला. माझी मालकीण वर पांढऱ्या चादरीखाली होती आणि मी मनात त्या स्टेथोस्कोपला म्हणत होतो, बघ, मला घेतले, तुला नाही घेतले. मत्सर असा असतो. तो वेळ बघत नाही.

मी एक जुने घड्याळ आहे. मनगटावरचे नाही, नर्सने छातीवर पिनेने लावायचे. नर्सला सारखे हात धुवावे लागतात, म्हणून आम्हाला मनगटावर जागा नसते. मी उलटा टांगलेला असतो. समोरच्या माणसाला माझे बारा खाली आणि सहा वर दिसतात. ज्या बाईने मला लावले आहे तिने खाली पाहिले की तिला मात्र सगळे सुलट दिसते. म्हणजे मी फक्त तिचाच असतो. मला याचा फार अभिमान होता.

मला पंढरीनाथने भाईंदरच्या बाजारातून आणले, अठरा वर्षांपूर्वी, सुचेताला पहिली नोकरी लागली तेव्हा. तो भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात पॉलिशचे काम करतो. मी साधाच होतो, पाठ तर अगदी मळकट. त्याने मला कारखान्यात नेले, चाकावर धरले आणि माझी पाठ आरशासारखी करून तिला दिली.

ती म्हणाली, "अहो, काटे पुढच्या बाजूला असतात. पाठ कोण बघणार?"

"पेशंट झोपलेला असतो ना? तू वाकलीस की त्याला दिसेल. तोंड बघेल त्यात."

सुचेता हसली आणि तिने मला लावले. तेव्हापासून मी तिच्या श्वासाबरोबर वरखाली होत होतो.

माझे काम ऐका. रुग्णाचा ताप थर्मामीटर सांगतो, रक्तदाब यंत्र सांगते. श्वास मात्र माणसानेच मोजायचा असतो. छाती किती वेळा वर येते ते बघायचे, पूर्ण एक मिनिट. मिनिट थोडे वाटते, पण एका बाईकडे वीस रुग्ण असले की ते फार मोठे होते. म्हणून वॉर्डात एक खोड पडलेली असते. श्वासाच्या रकान्यात सगळ्यांच्या नावापुढे 'वीस' लिहायचे. न मोजता. म्हाताऱ्याला वीस, पोराला वीस, दम लागलेल्याला वीस, घोरणाऱ्यालाही वीस.

सुचेता नव्या मुलींचे तक्ते बघायची आणि म्हणायची, "काय गं, अख्खा वॉर्ड एका तालावर श्वास घेतोय? कवायत लावलीस की काय?" मुली हसायच्या आणि मोजायला जायच्या. त्यांत संचिता नावाची एक मुलगी होती. तिला सुचेताने माझ्याकडे बोट दाखवून शिकवले होते, "काटा बाराला आला की सुरू, पुन्हा बाराला आला की बंद. मधे कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही." डॉक्टर फाईल उघडून विचारायचे, "हा श्वास सुचेता सिस्टरने लिहिलाय का?" हो म्हटले की पुढे विचारायचे नाहीत. ती शाबासकी तिची होती, पण मी अर्धी माझ्याकडे ठेवायचो.

अशी सोळा वर्षे गेली. मग एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "अहो, मी पुढे शिकणार आहे. दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स आहे. ड्युटी करत करत करायचा. रुग्णालयाने माझं नाव दिलंय."

पंढरीनाथ भाकरी मोडत होता. तो थांबला. "एकोणचाळिसाव्या वर्षी? म्हणजे आता डॉक्टरीण होणार का?"

"नाही हो. नर्सच राहणार. जास्त नर्स."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पेशंट ढासळतोय हे मी आधी ओळखायचं. छाती ऐकायची, तपासायचं, ठरवून दिलेले उपचार सुरू करायचे. बाकीच्या मुलींना शिकवायचं. आतापर्यंत मी म्हणायचे, डॉक्टर, जरा बघता का. आता मी म्हणेन, डॉक्टर, मी बघितलंय, असं असं आहे."

"आणि माझ्याकडे कोण बघणार?"

तो हसत म्हणाला, पण ते हसणे खरे नव्हते. मला कळले, कारण मलाही हेच विचारायचे होते.

आठवडाभरात तो आला. स्टेथोस्कोप. काळ्या नळीचा, तिचे नाव कोरलेला. आतापर्यंत वॉर्डात एकच असायचा, सगळ्यांनी वापरायचा, त्याला कुणाचा लळा नसायचा. हा तिचा स्वतःचा होता. तो तिच्या गळ्यात बसला आणि त्याची खालची गोल चकती लोंबून माझ्या काचेवर आपटू लागली. टक, टक. मी छाती बाहेरून बघायचो, हा आतले ऐकून तिच्या कानात सांगायचा. काय सांगायचा ते मला ऐकू यायचे नाही. मित्रांनो, घरात पाहुणा येऊन यजमानाच्या कानात बोलू लागला तर तुम्हाला कसे वाटेल?

घरी तिची पुस्तके आली. मीरा रोडच्या आमच्या दोन खोल्यांत जेवायच्या टेबलावर ती पसरली आणि पंढरीनाथ ताट मांडीवर घेऊन जेवू लागला. संध्याकाळी ती मोबाइलवर वर्ग ऐकायची. वर्ग घेणारी होती संचिता. ती मधल्या काळात हाच कोर्स करून शिकवायला लागली होती. सुचेता तिला वर्गात 'मॅडम' म्हणायची.

"काल तुझ्या हाताखाली होती ती," पंढरीनाथ म्हणायचा. "आज तू तिला मॅडम म्हणतेस. लाज नाही वाटत?"

"वाटते थोडी," सुचेता म्हणायची. "पण तिला येतं आणि मला येत नाही. मग काय करू? तुम्ही चहा ठेवता का?"

तो चहा ठेवायचा. पण भांडे जोरात आपटून.

दुसरे वर्ष लागले आणि माझा सेल संपला. रोज दोन मिनिटे मागे पडत पडत एका सोमवारी मी थांबलो. सुचेताने मला पंढरीनाथच्या हातात दिले. "अहो, सेल घालून आणता? तुमच्या वाटेवरच दुकान आहे."

दुकान खरेच वाटेवर होते. रिक्षातून उतरले की समोरच. पंढरीनाथ मला खिशात घालून रोज त्या दुकानावरून जायचा. पहिल्या दिवशी त्याने मला खिशातून काढले सुद्धा. मग बघितले आणि परत ठेवले. संध्याकाळी तिने विचारले, तो म्हणाला, "अरे, विसरलो." दुसऱ्या दिवशी विसरलो. पुढच्या आठवड्यात विसरलो. त्याला वाटे, एवढे मोठे शिकणाऱ्या बाईला माझ्या या घड्याळाची गरज आहे ना, मग बघू दे जरा वाट. तिने तीनदा मागितले की त्याला बरे वाटे. आणि मी? मीही त्याच्या खिशात गप्प होतो. म्हणत होतो, बघू तुझा तो काळा नळीवाला काय करतो माझ्याशिवाय. आम्ही दोघे एका मनाचे होतो. तीन आठवडे.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती घरी आली आणि चप्पल न काढताच खुर्चीवर बसली.

"काय झालं?" पंढरीनाथने विचारले.

तिने जे सांगितले ते असे. तेव्हा ती वेगवेगळ्या वॉर्डांत फेरी मारायची, कोण ढासळतोय ते हेरायला. उत्तनच्या टेरेझाबाई म्हणून एक रुग्ण होत्या, मासे विकणाऱ्या. हसत होत्या. "मना काय न्हाय, बाय," म्हणाल्या, "जरा पंखा लाव." सुचेताने स्टेथोस्कोप लावला, छाती ऐकली, फार काही वाटले नाही. नजर सवयीने छातीवर गेली. मी तिथे नव्हतो. पुढे अकरा रुग्ण बाकी होते. तिने रकान्यात लिहिले, वीस.

दोन तासांनी टेरेझाबाईंना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. नळी घालून यंत्रावर ठेवले. तिथे पोचल्या तेव्हा श्वास छत्तीस होता.

"संचिताने सगळ्यांसमोर फाईल उघडली," सुचेता म्हणाली. "विचारलं, सुचेताताई, हे वीस तुम्ही मोजले का? खाली मान घालून विचारलं हो तिने. तिलाच लाज वाटत होती."

"मग तू काय म्हणालीस?"

"नाही मोजले म्हणाले. बारा पोरी बसल्या होत्या समोर. त्यांना म्हटलं, सोळा वर्षं मी मुलींना ज्यासाठी बोलले, ते आज मी केलं. लिहून घ्या."

पंढरीनाथ माझ्यावर हात ठेवून उभा होता, शर्टावरून. म्हणाला, "घड्याळ नव्हतं म्हणून झालं."

"नाही हो," ती म्हणाली. "भिंतीवर होतं ना. खांबाच्या आड, पण दोन पावलं टाकून दिसलं असतं. घड्याळाचा काय दोष? मीच घाई केली."

तिने दोष कुणालाच दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते. पंढरीनाथ तसाच खाली उतरला, दुकानात गेला आणि सेल घालून आणला. पाच मिनिटांचे काम होते. मी पुन्हा चालू लागलो.

टेरेझाबाई वाचल्या. नऊ दिवसांनी त्यांची नळी निघाली. सुचेताने त्यांच्याजवळ बसून सांगितले, "चूक माझी होती." पुढे ती श्वास मोजायला गेली की त्या मुद्दाम विचारायच्या, "मोजलंस का गं बाय, का आज पन वीसच?" अख्खा वॉर्ड हसायचा. सुचेताही हसायची, पण काटा बाराला येईपर्यंत नजर हलवायची नाही.

त्यातूनच तिने प्रबंधाचा विषय घेतला. वॉर्डातल्या तक्त्यावर लिहिलेला श्वास आणि खरा मोजलेला श्वास, यांत किती फरक असतो. शंभर रुग्ण मोजायचे ठरले. आणि मोजायचे ते माझ्यावरच. तेव्हा मला समजले की ती माझ्यापासून लांब गेलीच नव्हती. स्टेथोस्कोप गळ्यात होता, मी छातीवर होतो, आणि तिला दोघेही लागत होते. जास्त नर्स म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. पंढरीनाथलाही कळले असावे. तो ताट मांडीवर घेऊन जेवायचा आणि म्हणायचा, "आज किती झाले?" ती म्हणायची, "एकावन्न." पुढच्या वेळी, "अठ्ठावन्न." तो भांडी आपटेनासा झाला होता.

एकदा तर त्याने तोंड उघडले होते. "सुचेता, त्या सेलचं..." तेवढ्यात तिचा वर्ग सुरू झाला. ती म्हणाली, "नंतर सांगा." त्यानंतरही त्याच्या हातात दीड महिना होता. त्याने सांगितले नाही.

तेराव्यानंतर संचिता घरी आली. टेबलावरची पुस्तके तशीच होती. तिने त्यातले एक उघडून मिटले. मग म्हणाली, "दादा, ताईंची ती प्रबंधाच्या नोंदींची वही द्याल? उरलेले रुग्ण आम्ही मुली मोजतो. काम पुरं करतो."

"पदवी मिळेल तिला?"

"नाही हो दादा. पदवी नाही मिळणार. पण पहिलं नाव त्यांचंच राहील. आणि वॉर्डातलं वीस बंद होईल."

पंढरीनाथने वही दिली.

संचिता म्हणाली, "आणि ते घड्याळ? सगळे एकाच घड्याळावर मोजले तर बरं होतं."

त्याने खिशावर हात ठेवला. "बघतो," म्हणाला.

आज त्याला अडीच महिने झाले. आम्ही दोघे अजून तसेच आहोत. तिच्या छातीची जागा दुसऱ्या कुणाच्या छातीने घ्यावी, हे त्यालाही सोसत नाही आणि मलाही सोसत नाही. संचिताच्या अंगावर तिच्या श्वासाबरोबर वरखाली व्हायचे, या विचारानेच माझा काटा अडखळतो. रोज सकाळी तो मला पुसतो, बघतो आणि खिशात ठेवतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी शिकत असेल, आई असो, ताई असो, बायको असो, तर तिचे पुस्तक बघून तोंड वाकडे करू नका. ती तुमच्यापासून काही चोरत नसते. आणि तिने सेल घालून आणा म्हटले, तर त्याच दिवशी आणा. हे मी घड्याळ असून सांगतो, कारण थांबलेले घड्याळ काय करते ते मी पाहिले आहे.

वहीत त्रेसष्ट रुग्णांची नोंद आहे. सदतीस मोजायचे राहिले आहेत. पंढरीनाथने मला अजून संचिताकडे दिलेले नाही. आणि तो सेल विसरला नव्हता, हे सुचेताला सांगायचे राहून गेले आहे.