बोडक्या डोक्यांचं गाव

“ह्यां माज्या डोक्यार चढूचां नाय,” दत्ताराम म्हणाला आणि त्याने फेटा बेनेडिक्टच्या टेबलावर परत ठेवला.

फेटा कसला, पुठ्ठ्यावर लाल कापड चिकटवून वर तुरा खोचलेलं खोकंच ते. टोपीसारखं घालायचं, टोपीसारखं काढायचं. बहरीनमधल्या मनामा शहरातल्या त्या हॉटेलात पुढच्या आठवड्यापासून ‘इंडियन वीक’ होता आणि मॅनेजरसाहेबाला दारावर एक महाराजा हवा होता. दत्तारामला उंची होती, मिशा होत्या. नऊ वर्षं तो राखाडी युनिफॉर्ममध्ये, उघड्या डोक्याने ते दार उघडत आला होता, तेव्हा कुणाला खटकलं नव्हतं.

“अरे, टोपी समज,” बेनेडिक्ट म्हणाला. हा वसईचा माणूस हॉटेलच्या ऑफिसात स्टाफचे व्हिसा सांभाळायचा. मनाने वाईट नव्हता. “सात दिवसांचा तर प्रश्न. इथे तुझ्या गावचं कोण बघायला येतंय?”

“जावयाक मी वेशीर फेटो काढूक लावलंय, सायबा. गेल्या मे म्हयन्यात, भर वरातीत. पोराच्या डोळ्यांत पाणी इलां. आता मीच ह्यां घालून गाडयेचे दरवाजे उघडू?”

बेनेडिक्टला काही उमजेना, तेव्हा सगळं सांगावं लागलं.

दत्तारामचं गाव कोंडगड, दक्षिणेला कर्नाटकाला टेकलेल्या घाटात. तिथल्या नाईकाने कंपनी सरकारचं ठाणं गडावर बसू दिलं नाही आणि तीन पावसाळे रान पेटतं ठेवलं. शेवटी घरभेद्याने दगा दिला. फाशी देण्याआधी गोऱ्या कॅप्टनने नाईकाचं पागोटं बुटाने उडवलं आणि सगळ्या गावाला त्यावरून चालायला लावलं. त्या दिवसापासून गावात कुणी डोक्याला काही बांधलं नाही. नवरदेवसुद्धा बोडके बोहल्यावर चढले. गोरा जाईल तेव्हा बांधू, असं ठरलं होतं. सत्तेचाळीस साली गोरा गेला, चावडीवर नवं कापड आलं, नारळ फुटला आणि म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. नाईकाचं पागोटं बांधायचं कसं, हे एकालाही येत नव्हतं. शेजारच्या गावाची बांधणी उसनी कोण घेणार? कापड देवळात ठेवलं आणि सगळे तसेच घरी गेले.

एवढ्यात तो इंग्रज मॅनेजरसाहेब आत आला. ते एकोणऐंशी साल होतं. बहरीनमधून इंग्रज जाऊन आठ वर्षं झाली म्हणायचे. झेंडा गेला होता, साहेब जागच्या जागी होते. बेनेडिक्टने अदबीने अडचण सांगितली. साहेब हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याने फेटा उचलला, लहान पोराला घालावा तसा दत्तारामच्या डोक्यावर बसवला आणि एक पाऊल मागे सरून बघितलं.

“स्प्लेन्डिड!”

दत्तारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, द्यावी एक ठेवून. पण त्याने फक्त फेटा काढला आणि साहेबाच्या बुटांपाशी जमिनीवर ठेवला.

“मार लाथ,” तो म्हणाला. “तुमका सवय आसा.”

शब्द साहेबाला कळले नाहीत, अर्थ मात्र बरोबर पोचला. तो लालबुंद झाला. “व्हिसा कॅन्सल,” त्याने बेनेडिक्टला सांगितलं. “शुक्रवारचं विमान.”

बेनेडिक्टने मान खाली घालून टाइपरायटरमध्ये कागद सरकवला. पन्नाशीला आलेल्या माणसाला परत नोकरी कोण देणार, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

शुक्रवारी दुपारी दत्ताराम आपली पत्र्याची पेटी घेऊन खाली आला. दारावर नझीर उभा होता, बॅगा उचलणारा हैदराबादी. घरी खाणारी सहा तोंडं, तो नाही कसं म्हणणार? लाल फेटा त्याच्या कपाळावर घसरला होता. दत्तारामला बघून तो ओशाळला.

“दत्ताभाई, बुरा मत मानना. जरा देखो, सीधा है क्या?”

दत्तारामने पेटी खाली ठेवली आणि नीट बघितलं. राग अजून जळत होता, पण या बिचाऱ्यावर काढून काय होणार?

“मेरे को नहीं मालूम, भाई,” तो म्हणाला. “हमारे गाँव में किसी को नहीं मालूम.”

त्याने पेटी उचलली. नझीरने काचेचं दार पूर्ण उघडून धरलं. नऊ वर्षं दत्तारामने ते दार दुसऱ्यांसाठी उघडलं होतं. स्टाफची ये-जा मागच्या जिन्याने असायची. बाहेर ऊन मी म्हणत होतं. तो पायऱ्या उतरला आणि उघड्या डोक्याने, सावकाश, बसस्टॉपकडे चालू लागला.