सूतभर झिजलेली मोजपट्टी

मी एक जुनी लाकडी मोजपट्टी आहे. मित्रांनो, माझ्या अंगावरचे आकडे पुसट झालेत, पण जळका स्वभाव अजून शाबूत आहे!

मिस्त्रींच्या वडिलांनी मला घडवलं. सुतारखान्यातली एकही फळी माझ्या शब्दाबाहेर नव्हती. चहा झाला की मिस्त्री माझं टोक बाकावर ठकठक आपटायचे आणि सगळे कारागीर कामाला लागायचे. काय माझा तोरा होता म्हणून सांगू! त्या ठकठकीने माझं टोक झिजत होतं, हे मला कळत होतं. मी मूग गिळून गप्प बसले. सगळं काम माझ्याच मापाने व्हायचं, त्यामुळे कुठे काही अडायचं नाही.

मग समोरच्या काचकारखान्याच्या ताईंशी भागीदारी झाली. नव्या वाचनालयाची चाळीस कपाटं करायची होती. चौकटी आमच्या, काचा त्यांच्या. ताईंच्या कमरेला पोलादी टेप होता. सुर्रकन बाहेर, सुर्रकन आत.

"काय चपळ आहे हो हा!" मिस्त्री म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं राबले, पण माझं असं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं.

कपाटं पोचवायला दोन दिवस उरले असताना काचा आल्या. एकही बसेना.

"ताई, काचा मोठ्या कापल्यात तुम्ही!"

"दादा, तुम्हीच दिलेलं माप आहे. छत्तीस इंच म्हणजे छत्तीस इंच."

आवाज चढले. "यापुढे तुमचं तुम्ही, आमचं आम्ही," इथवर मिस्त्री आले. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जाऊ दे तो मेला टेप एकदाचा!

ताईंनी जरा दम खाल्ला. "भांडून काच लहान होणार नाही. आणा बघू तुमची पट्टी."

त्यांनी टेप माझ्या शेजारी पसरला. मी सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी भरले, आणि माझ्या मापाने केलेल्या चौकटीही तेवढ्याच. मिस्त्रींनी माझ्या झिजलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"चूक माझी आहे, ताई."

"आपली म्हणा. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं."

दोन दिवस मिस्त्री पटाशीने चौकटींच्या खाचा रुंद करत होते आणि ताईंची माणसं चौकटी धरून बसली होती. कपाटं वेळेवर गेली. भागीदारी टिकली.

पुढे मिस्त्रींनी एकाच फळीतून दोन पट्ट्या केल्या. एक आमच्याकडे असते, एक ताईंकडे. दर सोमवारी काम सुरू करण्याआधी त्या दोघी शेजारी शेजारी ठेवून बघतात. मी आता खिडकीला टेकू आहे. तिथून सगळं दिसतं, आणि हेव्याने जीव नुसता जळतो.

मित्रांनो, कुणाबरोबर काम करायचं असेल, तर आपलं टोक कुठे झिजलंय ते आधीच दाखवा. मी ते लपवलं. उभ्या आयुष्यात मी एकदाच कुणाच्या तरी शेजारी टेकले, आणि तेव्हाही तो हरावा म्हणून वाट बघत होते.