आईचं म्हणणं

"तू येऊ नकोस. उगाच कामाचा खाडा होईल," आईने आदल्या दिवशीच सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे हातांनी. आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि मायलेकींचं बोलणं, भांडण, थट्टामस्करी सगळं खुणांच्या भाषेतच चालायचं. लेक एका दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसायची. तिला एक दिवसाची रजा मिळणं अवघड नव्हतं. शिवाय आईचा अर्ज थेट संसदेच्या याचिका समितीपुढे येणार आणि आपण दवाखान्यात लोकांना "बसा, बोलावते" म्हणत राहायचं, हे तिला पटेना. तिने आईचं सांगणं कानामागे टाकलं आणि रजा घेतली.

अर्ज तसा साधाच होता. इस्पितळात आणि सरकारी कचेरीत बहिऱ्या माणसाला खुणांचा दुभाषी मिळावा, आणि तो सरकारने द्यावा. आई पडदे शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या बायकांनी आणि बहिऱ्यांच्या मंडळातल्या लोकांनी दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या. पुरेशा सह्या झाल्या की अर्जदाराचं म्हणणं समितीने ऐकून घ्यायचं, असा नियमच होता. या समितीने तर लोकांना राजधानीत हेलपाटे घालायला लावण्यापेक्षा आपणच गावोगाव जाऊन सुनावणी घ्यायची असं ठरवलं होतं.

लेकीला आईचं कौतुक होतं, पण मनात कुठेतरी एक कुसळ सलत होतं. कळायला लागल्यापासून आईचे कान तीच, जीभही तीच. घरमालक, शाळेतल्या बाई, दुकानदार, डॉक्टर, सगळ्यांशी आईच्या वतीने तीच बोलत आली होती. मग आता हा परका दुभाषी कशाला?

सुनावणी वाचनालयाच्या सभागृहात होती. समोर लांब टेबलामागे समितीचे सदस्य, मधोमध अध्यक्षबाई. टेबलाच्या अलीकडे आईची खुर्ची, तिचे हात समितीला आणि मागच्या रांगांनाही दिसतील अशी तिरपी ठेवलेली. बाजूच्या भिंतीवर मोठा पडदा. सभागृहात जे बोललं जाईल ते लगेच त्यावर अक्षरांत उमटायचं. ही सोय समितीने मुद्दाम केली होती आणि चिटणीस येणाऱ्याजाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवत होता. मागच्या रांगांमध्ये मंडळाची माणसं बसली होती. त्यांचे हात सारखे हलत होते. सगळ्या सभागृहात सर्वांत जास्त गप्पा तिथेच चालल्या होत्या, फक्त आवाज नव्हता.

सुनावणी सुरू व्हायच्या बेताला चिटणीस घाईघाईने लेकीकडे आला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"ताई, जरा गोंधळ झालाय. सुनावणीची तारीख बदलली होती ना, ती सगळ्यांना कळवली, पण नेमकं दुभाषीबाईंना कळवायचं राहिलं. त्या आज दुसऱ्याच गावी आहेत. पडद्यावर लिहिलेलं आईंना वाचता येईलच. फक्त त्या काय म्हणतात ते आम्हाला कळायला हवं. तुम्ही आहातच ना."

"हो, मी करते की," लेक म्हणून गेली. आईला विचारायचं तिला सुचलंही नाही. तिने आईला झालं ते नुसतं कळवलं.

आईने लगेच मान हलवली. "नको. पुढची तारीख माग."

"अगं, एवढे लांबून आलेत हे लोक. सगळे खोळंबलेत. मी आहे ना."

"तू आहेस म्हणूनच नको."

लेकीला वाटलं, आई घाबरली असेल. तिने आईच्या हातावर थोपटलं आणि चिटणीसाकडे बघून हसून म्हणाली, "चालेल. सुरू करा." आईचं "नको" तिने त्याच्यापर्यंत पोचू दिलंच नाही.

सुरुवात झकास झाली. आईला गोष्ट रंगवून सांगायची हातोटी होती. पोस्टातल्या कारकुनाला ती बहिरी असल्याचं कळल्यावर तो कसा अधिकच जोरात ओरडायला लागला, ते तिने सांगितलं. "खिडकीची तावदानं हादरली म्हणे. मला मात्र त्याच्या दातात अडकलेली भाजी तेवढी दिसली." लेकीने ते अगदी आईच्या ठसक्यात सांगितलं. सदस्य हसले, अध्यक्षबाई हसल्या. लेकीला मनातून गुदगुल्या झाल्या. आपण दोघी मिळून मैदान मारतोय असं तिला वाटलं.

मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या जाडजूड सदस्याने घसा खाकरला. माणूस वाईट नव्हता, बोलणंही आर्जवी होतं.

"बाई, तुमची मुलगी इतकं सुरेख सांगतेय. घरातलं माणूस जितक्या आपुलकीने सांगेल तितकं परकं माणूस सांगेल का? मग सरकारने दुभाषी कशाला नेमायचा?"

खरं तर लेकीच्या मनातलं कुसळ त्याने बोलून दाखवलं होतं. तिने उत्सुकतेने आईकडे पाहिलं. आईने पडद्यावरचा प्रश्न सावकाश वाचला, लेकीकडे एकवार पाहिलं आणि मग समितीकडे तोंड करून हात उचलले.

"ती माझी मुलगी आहे, म्हणूनच. माझी पाळी थांबून बरीच वर्षं झाली होती. मग पुन्हा रक्त जायला लागलं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, अंगावरून काही जातं का? ते हिने मला विचारलं. विचारताना मान खाली, हात पोटाशी धरलेले, शेजारच्या बाकावरच्या लोकांना दिसू नये अशा बारीकबारीक खुणा. मी नाही म्हटलं. प्रत्येक खेपेला नाही म्हटलं. लिहून द्यावं म्हटलं, तर कागद हिच्याच हातातून डॉक्टरांकडे जाणार. लहानपणापासून ही चारचौघांत माझे हात धरून खाली ओढते. हिला आणखी लाज कशाला आणायची? तेवढ्यात दुखणं वाढलं. शेवटी गर्भाची पिशवी काढावी लागली. वेळेवर कळलं असतं तर थोडक्यात भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तेही मला हिनेच सांगितलं."

आईचे हात थांबले. सगळे लेकीकडे बघू लागले.

आई आपल्यामुळे नाही म्हणाली, हे लेकीला ठाऊकच नव्हतं. दुखणं अचानक कळलं, नशिबात होतं, अशीच तिची समजूत. इस्पितळातला तो बाक मात्र तिला लख्ख आठवला. त्यावर एक ओळखीचं कुटुंब बसलं होतं आणि डॉक्टरांचा प्रश्न तिने "काही नाही ना तसलं?" असा करून विचारला होता. उत्तर तिनेच प्रश्नात घालून दिलं होतं.

"आई म्हणते," ती म्हणाली, "की मुलगी नोकरी करते. तिला दर वेळी यायला जमत नाही."

पडद्यावर तेच शब्द उमटले. काळ्या पडद्यावर मोठी पांढरी अक्षरं. आईने ती वाचली. मागच्या रांगांनीही वाचली. त्यांनी आईचे हात पाहिले होते, त्यामुळे आई काय बोलली हे त्यांना शब्दन् शब्द कळलं होतं. तिकडचे चाललेले हात एकदम थांबले. लेकीने मागे वळून पाहिलं नाही, पण तिथून आपल्या पाठीकडे बघणारे डोळे तिला जाणवत होते. सभागृहात निम्म्या लोकांना माहीत होतं की ती खोटं बोलली. उरलेले निम्मे समजूतदारपणे माना डोलावत होते, आणि त्या माना तिला जास्त बोचत होत्या.

आईने टेबलावर बोटाने टकटक केलं. पडद्याकडे बोट दाखवलं आणि सावकाश नकारार्थी मान हलवली. ती खूण कळायला दुभाषी लागत नव्हता.

"सांगताना काही राहिलं का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

अजूनही सारवासारव करता आली असती. "थोडं राहिलं," म्हणून आणखी काहीतरी जोडून वेळ मारून नेता आली असती. लेकीने तोंड उघडलंही. पण समोर आई बसली होती, हात मांडीवर, रागावलेली नाही, नुसती वाट बघत. इस्पितळातही ती अशीच बसली असेल, प्रश्नाची वाट बघत.

"राहिलं नाही," लेक म्हणाली. "मी खोटं सांगितलं. आई वेगळंच म्हणाली."

"मग त्या काय म्हणाल्या ते सांगा ना."

"मला सांगता येत नाही."

"का बरं?"

"ते तिच्या शरीराबद्दल आहे. आणि माझ्याबद्दल. म्हणूनच ती मला नको म्हणत होती. सुरुवातीलाच म्हणाली होती. तेही मी तुम्हाला सांगितलं नाही."

हेही पडद्यावर उमटलं. भिंतीवर आपली लाज एवढ्या मोठ्या अक्षरांत बघताना तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. जाडजूड सदस्याने चष्मा काढला आणि तो पुसत बसला. चिटणीस उठून उभा राहिला, पण उभं राहून करायचं काय हे न कळल्याने पुन्हा खाली बसला.

अध्यक्षबाई थेट आईकडे वळल्या आणि पडद्यावर नीट उमटावं म्हणून एकेक वाक्य तोडून बोलल्या. चूक समितीची आहे. दुभाषीशिवाय सुनावणी सुरूच करायला नको होती. तुमची माफी मागते. पुन्हा बोलावलं तर याल का? आईने समोरचा कागद ओढला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "येईन. बोलायचं राहिलंय."

बाहेर जिन्यापाशी दोघी थांबल्या. मंडळाची माणसं बाजूने जाताना आईच्या खांद्यावर थोपटत होती. लेकीकडे कोणी पाहत नव्हतं.

"मला घरी का नाही सांगितलंस?" लेकीने विचारलं.

"तू घरी कधी विचारलंस?"

"विचारलं की. काही होत नाही ना, म्हणून."

"त्याला विचारणं म्हणत नाहीत."

लेकीचे हात जड झाले होते. "मला खरंच तुझी लाज वाटायची?"

"वाटायची. अजूनही वाटते. आत्ताही बघ, हात कुठे धरलेस."

लेकीने पाहिलं. तिचे हात पोटाशी होते, पर्सच्या आड. तिने ते वर घ्यायचा प्रयत्न केला, पण वर घेऊन काय म्हणायचं ते सुचेना.

"चल," आई म्हणाली. "मला भूक लागलीये."

पुढची सुनावणी त्याच सभागृहात झाली. आईने "ये, पण मागे बस" म्हणून परवानगी दिली होती. लेक शेवटच्या रांगेत, मंडळाच्या लोकांमध्ये बसली. त्यांनी सरकून जागा दिली, पण गप्पांत घेतलं नाही. दुभाषीबाई आईसमोर बसली आणि आईचं म्हणणं सांगू लागली. रक्त, बाक, खाली घातलेली मान, सगळं. एकही शब्द तिने गिळला नाही, एकही मऊ केला नाही. लेकीला तोंड लपवायला जागा नव्हती. तरी शरमेच्या आत दुसरंच काहीतरी तिच्या ध्यानात येत होतं. आई अशी बोलते? इतकी सडेतोड, इतकी शांत? आपण आजवर लोकांना ऐकवली ती बाई कोण होती मग?

जाडजूड सदस्याने या वेळी एकच प्रश्न विचारला, "आणखी काही सांगायचंय का?" आणि आईचं सांगून होईस्तोवर मध्ये तोंड घातलं नाही.

समितीने शिफारस केली. सरकारने इस्पितळांपुरती ती मान्य केली. कचेऱ्यांचं "विचाराधीन" ठेवलं, म्हणून मंडळ पुन्हा सह्या गोळा करायला लागलं. लेकही बरोबर जाऊ लागली. पहिल्या दिवशी कोणीतरी तिला ओळखलं, "तूच ना ती, खोटं सांगणारी?" रस्त्यात, सगळ्यांसमोर, ठळक खुणांनी विचारलं. तिने हात वर घेऊन सांगितलं, "हो, तीच."

आईच्या तपासणीला ती अजूनही सोबत जाते. डॉक्टरांच्या दारापाशी आई तिच्याकडे आपली पिशवी देते आणि दुभाषीबाईबरोबर आत जाते. दार बंद होतं. लेक बाहेर बाकावर बसते. गेल्या खेपेला आतून डॉक्टरांच्या आणि दुभाषीबाईच्या हसण्याचा आवाज आला. आईने काहीतरी भन्नाट सांगितलं असणार. ती बाहेर आल्यावर लेकीने विचारलं, "काय झालं गं आत?"

"आमचं आम्हाला," आई म्हणाली, आणि पिशवी परत घेतली.