बार्सान्तींच्या तळघरातली काचेची नळी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे. हातभर लांब, पोटाशी किंचित फुगीर, खाली निमुळती, आणि वर बोट अडकवायला एक कान. लाकडी पिंपात मुरत पडलेली वाइन चाखण्यापुरती बाहेर काढायची, हे माझे काम. आमच्या धंद्यात मला 'चोर' म्हणतात. म्हणू देत. मालकाच्या हातून, मालकाच्या डोळ्यांदेखत चोरी करणारा चोर दुसरा कोण आहे?

माझा जन्म सांता रोझातल्या एका काच फुंकणाऱ्याच्या भट्टीपाशी झाला. द्राक्षमळ्याचा मालक आणि वाइन बनवणारा आल्दो बार्सान्ती शेजारी ठाण मांडून बसला होता. "कान मोठा कर रे! माझी बोटं बघ, गाजरं आहेत गाजरं!" असे म्हणून त्याने त्या बिचाऱ्याचे डोके उठवले होते. मी थंड झाल्यावर त्याने मला आपल्या कोटात गुंडाळले आणि सोनोमाच्या डोंगरउतारावर, मळ्याखालच्या तळघरात आणले.

तिथे चार जातींच्या द्राक्षांची लाल वाइन वेगवेगळ्या पिंपांत मुरायची आणि वेळ आली की बोर्दो या फ्रेंच प्रांताच्या रीतीने एकत्र जुळवली जायची. पाहुण्यांना आल्दो सांगायचा, "कॅबर्ने सोव्हिन्यों भिंती उभ्या करते. मर्लो आत गादी घालते. कॅबर्ने फ्रँक खिडकी उघडते. आणि पेती व्हर्दोला फक्त रंग द्यायला बोलवायचं, मुक्कामाला नाही!"

तो पिंपाचे बूच काढी, मला आत सोडी, वरच्या तोंडावर अंगठा दाबून उचलून घेई. अंगठा सैल केला की माझ्यातली धार पेल्यात पडे. मग तो पेला गोल फिरवून नाक आत खुपसे, आणि तळघरात सगळे त्याच्या निवाड्याची वाट पाहत. आल्दोचे नाक त्या खोऱ्यात नावाजलेले होते. त्या नाकापर्यंत वाइन पोचवणारी मी होते. तेव्हा मी किती ऐटीत असे, काय सांगू!

त्याची मुलगी निवेस मळा पाहायची. वेलींची छाटणी, मातीची ओल, तोडणीचा दिवस, सारे तिच्या हाती. पण जुळवणीला तो तिला हात लावू देत नसे. "नाक चांगलं आहे तुझं," तो म्हणे, "पण घाई फार. वास तुझ्याकडे यायच्या आत तू त्याच्याकडे पळतेस."

एका हिवाळ्यात आल्दोला ताप आला. अंथरुणातून उठून तो तळघरात परतला तेव्हा गालफडे बसली होती, पण आवाज तोच होता. पिंपे काठोकाठ भरलेली ठेवणारा गडी एफ्राइन आणि निवेस बरोबर होते. कोपऱ्यातल्या मर्लोच्या पिंपात आल्दोने मला बुडवले, आणि मित्रांनो, मला आतूनच कळले की ही वाइन बिघडू लागली आहे. जिभेला कळण्याइतकी आंबली नव्हती, पण सिरक्याचा वास सुटला होता.

आल्दोने पेला फिरवला, नाक खुपसले आणि म्हणाला, "वा! काळी चेरी. हीच घालायची."

एफ्राइनने मान खाली घातली. निवेसने आपला पेला हुंगला, बापाकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "एफ्राइन, जरा बाहेर जाऊन पंपाचं बघतोस का?"

तो गेला. मग ती म्हणाली, "बाब्बो, तुला वास यायचा कधी थांबला?"

"काय बडबडतेस! चेरी आहे म्हटलं ना!"

"सिरका आहे."

आल्दोने पुन्हा हुंगले. पुन्हा हुंगले. मला त्याने पिंपावर आडवे ठेवले. शेवटी तो एका पालथ्या पेटीवर बसला.

"तापापासून," तो म्हणाला. "कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी झालंय. लसूण फोडणीला पडला तरी पत्ता नाही. वाटलं होतं, येईल परत. गावातून कुणीतरी जाणता बोलव. या वर्षीची वाइन मी बुडवीन."

"परका माणूस येणार, आणि बाटलीवर बार्सान्ती नाव घालणार? मुळीच नाही."

"मग करणार काय?"

"नाक माझं घे. जीभ तुझीच आहे ना अजून? कडू, आंबट, खरखरीत, गुळगुळीत, कळतं ना?"

"ते कळतं," तो कुरकुरला. "जीभ काय, तुझ्याशी भांडून धारदारच राहिली आहे."

बिघडलेले पिंप त्यांनी बाजूला काढले. मग सुरू झाली जुळवणी. टेबलावर पेले मांडले होते, आणि पिंपापासून टेबलापर्यंत माझ्या खेपांना अंत नव्हता. निवेस हुंगायची आणि सांगायची. आल्दो घोट तोंडात घोळवायचा आणि सांगायचा.

"सुरुवात छान आहे, पण मध्ये खड्डा पडतो," तो म्हणे. "मर्लो वाढव."

"वाढवली तर वास बोजड होतो. कॅबर्ने फ्रँक थोडी घालू. तिला हिरवा वास आहे."

"हिरवा म्हणजे कसला? गवताचा की मिरचीचा? नीट सांग!"

निवेसने डोळे मिटले. या वेळी ती पळाली नाही. वास आपल्याकडे यायची वाट पाहत राहिली. "टोमॅटोचं पान चुरगळल्यावर येतो तसा. मागून सुक्या तंबाखूचा."

आल्दो एकदम हसला. "माझ्या आजीच्या, नोन्नाच्या परसातला! दुपारी टोमॅटो खुडायचो, हात हिरवे व्हायचे. आला बघ मला!" नाकात नव्हता आला तो, मित्रांनो, पण तिच्या शब्दांनी तो त्याला आठवून दिला होता. मग तो हट्टच धरून बसला. "आता चेरी सांग. झाडावरची की बरणीतली?"

ती वाइन पुढे बाटल्यांत भरली गेली आणि बाटल्यांतच मुरली. मग शेजारपाजारच्या मळेवाल्यांची वार्षिक चाखणी आली. तिथे बाटल्या कागदी पिशव्यांत गुंडाळून ठेवतात, म्हणजे नावाला कुणी भुलत नाही. त्या वर्षी चाखणी आमच्याच तळघरात होती, म्हणून मी भिंतीवरून सगळे पाहिले. पलीकडच्या डोंगरावरची डेल्फीन कार्व्हर आली होती. तिचे आणि आल्दोचे अर्धे आयुष्य एकमेकांना टोमणे मारण्यात गेले होते.

एका पेल्यापाशी ती अडली. पुन्हा हुंगून, घोट घेऊन म्हणाली, "बांधणी आल्दोची वाटते. पण आल्दोची वाइन इतकी हसरी नसते. कुणाचं नाक आहे हे?"

आल्दो उठून उभा राहिला. त्याने निवेसच्या खांद्यावर हात ठेवला. "नाक हिचं. जीभ तेवढी माझी. मला त्या तापापासून कसलाच वास येत नाही."

डेल्फीनने डोळे बारीक केले. "मग गेल्या नाताळात माझ्या केकची एवढी तारीफ केलीस, ती?"

"मऊ होता ना!"

तळघरात हशा पिकला. डेल्फीनही हसली, आणि तिने आपला पेला पुन्हा निवेसपुढे धरला. एवढ्या वर्षांत या तळघरात तिने दुसऱ्यांदा पेला पुढे केलेला मी कधीच पाहिला नव्हता.

आता आल्दो नाही. जुळवणी निवेस करते. तिच्याकडे पोलादी नळ्या आल्या आहेत. त्या पडल्या तरी फुटत नाहीत. मध्यंतरी कुणीतरी मला सुवासिक साबणाने धुऊन खणात टाकले होते, तेव्हा माझा जीव गुदमरला. निवेसने शोधून काढले, नितळ पाण्याने धुतले आणि खिळ्यावर टांगले. माझा टवका उडाला आहे, पण मला त्याचे दुःख नाही. बार्सान्तींच्या सर्वांत कठीण वर्षाची वाइन मी चोरली आहे!

मित्रांनो, काचेच्या वस्तूला जपा, हे तर मी सांगणारच. पण आणखी एक मागणे आहे. ताटावर बसाल, पेला उचलाल, तेव्हा घाई करू नका. आधी वास घ्या, आणि कसला आला ते शेजारच्याला नीट सांगा. त्याला तो येत नसेल, आणि लाजेपोटी त्याने तुम्हाला सांगितलेही नसेल.