मामाच्या शेल्याची कॅसेट

कॅसेटीतून हवं ते निघालं तर वामनरावांचा फायदा किती, हे आधी बघू. घाटंजीला जावं लागणार नव्हतं. साळ्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, दारात, चार लोकांदेखत, त्याच्या खांद्यावर शेला टाकावा लागणार नव्हता. उलट साळाच मान खाली घालून मारेगावला आला असता आणि लेकीच्या, खुशीच्या लग्नात मामाच्या जागेवर, तिच्या पाठीशी, निमूट उभा राहिला असता. एवढी जमा एका तळहाताएवढ्या डबीतून निघणार असेल, तर वणीपर्यंतच्या फेरीला कोण नाही म्हणेल?

भांडण होतं वास्तुपूजेचं. वीसेक वर्षांपूर्वी वामनरावांनी नवं घर बांधलं, पाहुण्यांना शेला-टोपी केली. बायकोचा भाऊ दीनानाथ मात्र पंगतीला न बसताच निघून गेला. त्याचं म्हणणं, साऱ्यायले शेला देला, मलेच सोडलं. वामनरावांचं म्हणणं, मी माह्या हातानं टाकला, कॅमेऱ्यात हाये. कॅमेरा त्यांनी हौसेने घेतला होता. तो पुढे बिघडला, कॅसेट कपाटात राहिली, आणि ‘कॅमेऱ्यात हाये’ हे वाक्य इतकं वापरलं गेलं की त्यावर सर्वांत जास्त विश्वास वामनरावांचाच बसला. आता खुशीचं लग्न ठरल्यावर दीनानाथने निरोप धाडला होता: शेला घेऊन घरी या, मग भाचीच्या मागे उभा राहतो.

जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देणारा वणीत एकच, देवसिंग स्टुडिओवाला. वामनराव आणि विजयमालाबाई त्याच्या दुकानात शिरू लागले, आणि वामनरावांचा पाय उंबऱ्यावरच थांबला. आत, समोरच्या काचेत एका लग्नाचा मोठा फोटो लावला होता. त्यात फेटा बांधून दीनानाथ हसत होता.

“हा अठी काय करून राह्यला?”

“थे काय? घाटंजीचं लगन होतं, मीच काढलं,” देवसिंग कौतुकाने म्हणाला. “लय मोकळा मानूस.”

वामनराव बायकोला बाहेर घेऊन आले. “दोघं एकमेकाले मिळेल हायेत.”

“मंग घरी चला. घाटंजीची गाडी पकडू.”

घाटंजीचं नाव निघताच वामनराव पुन्हा आत गेले. पण अटी घालून. कॅसेट मी माझ्या हाताने घालणार, कॉम्प्युटरचं तोंड माझ्याकडे राहणार, आणि तुम्ही कशालाही हात लावायचा नाही.

“मी कायले हात लावू, काकाजी? कॅमेऱ्याची वायर कॉम्प्युटरले लागली की कॅसेट आपल्या चालीनं चालते. जेवढी चालली तेवढी तिकडं उतरते. घंट्याची कॅसेट, घंटाभर बसा.”

“मधातलं कापता येते?”

“उतरल्यावर येते ना.”

“येते!” वामनरावांनी बायकोकडे असं पाहिलं, जसा चोर कबूल झाला.

कॅसेट सुरू झाली. होमाचा धूर, गुरुजींची घाई, कॅमेरा दिसताच पदर सावरणाऱ्या बाया. विजयमालाबाई पडद्याजवळ सरकल्या. त्यात त्यांची आई होती, आता नसलेली, कोणाला तरी पाणी विचारत होती. वामनरावांना त्याचं काही नव्हतं. त्यांचं लक्ष शेल्यांवर. देवसिंगने चहा मागवला तर तोही त्यांनी घेतला नाही. चहा पिताना नजर खाली जाते.

एकेक पाहुणा पाटावर बसू लागला. टोपी, शेला, नमस्कार. मग रांगेतून दीनानाथ पुढे आला, तरणा, काळ्या मिशांचा. पाटाजवळच्या म्हाताऱ्यांच्या पाया पडायला वाकला.

“आता पाह्य,” वामनराव म्हणाले. “डोये फाडून पाह्य.”

पडदा फडफडला आणि समोर बैल आला. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, पाठीवर गेरूचे ठसे. त्यामागे दुसरा.

“थांबव!” वामनराव उठले. “मी सांगितलं नव्हतं? कोनाचा तरी पोळा घुसवला मधात!”

“मी खुर्चीतून हाललो काय, काकाजी?”

“अहो,” विजयमालाबाई म्हणाल्या, “थो तर आपला बादशा हाये.”

बादशाच होता. डाव्या कानाला चीर होती. वामनरावांनी तरीही कॉम्प्युटरमागची वायर कुठे कुठे जाते ते वाकून पाहिलं. तेवढ्यात बैलांमागून आवाज आला, थोरल्या मुलाचा, कपिलचा, मिसरूडही न फुटलेल्या वयातला: “बाबा, कॅसेट मामा पाया पडून राह्यले तठी थांबली हाये. इथूनच भरून राह्यलो, चालते काय?”

आणि त्यावर मोठा, ठणठणीत आवाज: “भर. थे कोनाले पाह्यचं हाये? बादशाले नीट घे.”

देवसिंग एकदम कपबशा गोळा करू लागला.

“आवाज माहाच कशावरून?” वामनराव म्हणाले.

“बैलासाठी एवढं ओरडून दुसरं कोन बोलते?” बायको म्हणाली.

“शेला टाकला होता मी. त्याच्यावर बैल आले, त्याले मी काय करू?”

विजयमालाबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. “कॅसेट तठीच काहून थांबली होती?”

“थांबली असन आपोआप.”

“आपोआप नाई. भांडन झाल्यावर तुमी एकटे थेच मांगं-पुढं लावून बसले होते, मले आठवते. मी चहा आनला तर बंद केली. शेला दिसला असता तर दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन घाटंजीले गेले असते. वाजतगाजत. तुमी गेलते काय?”

वामनरावांनी उत्तरासाठी दीनानाथच्या फोटोकडे पाहिलं. तो हसतच होता.

“पुढचं उतरवू का?” देवसिंगने हळूच विचारलं.

“सारं उतरवा,” विजयमालाबाई म्हणाल्या. “आईचं राह्यलं पाह्यजे. बैलंई राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी दोघं घाटंजीला गेले. वामनराव ट्रंकेतला, कुठल्याशा लग्नात मिळालेला शेला घेऊन निघाले होते. तो विजयमालाबाईंनी दारातच ठेवून घेतला आणि बाजारातून कोरा आणायला लावला. बरंच झालं. दीनानाथने चार लोकांदेखत शेला घेतला, घडी उलगडली, उजेडाला धरून कुठे सुरकुती आहे का ते पाहिलं, आणि मगच खांद्यावर टाकू दिला. “म्या तं म्हनलं, भाऊजी, तुमी कॅसेट घेऊन यान.” वामनराव म्हणाले, “कॅसेट खराब झाली.” हे खोटं कोणी खोडलं नाही.

आता बेरीज करू. वामनरावांची मान एकदा वाकली, तीही अर्धीच. दीनानाथला कोरा शेला मिळाला. खुशीला मामा मिळाला. आणि विजयमालाबाई? भाऊ असून या वीसेक वर्षांतल्या साऱ्या भाऊबीजा, भाऊ नसलेल्या बाईसारखं, अंगणात ताट घेऊन त्यांनी चंद्राला ओवाळलं होतं. ते ना साळ्याच्या खात्यात पडलं, ना भाऊजींच्या. ते त्यांनीच भरलं, एकटीने.