सूनचाखी

आमच्या भाजीच्या दुकानात वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे ही रानातली अळंबी येते. तपकिरी टोपीची, बुटक्या देठाची. नाव सूनचाखी. गिऱ्हाइकं नावाचा अर्थ विचारतात आणि माझी सून मोठ्या हौसेने सांगते, "इतकी चविष्ट, की सासू पहिला घास सुनेला देते. म्हणून सूनचाखी." यंदा तर तिने दारातल्या फळ्यावर रंगीत खडूने तेच लिहून काढलं. खाली एक वाटी काढली, वाटीतून वाफ.

हा अर्थ तिला मीच सांगितलेला, लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात. तिची आई लहानपणीच गेलेली. ऐकून पोरीचे डोळे भरून आले. मग मी काय म्हणणार होते, थांब, चुकून बोलले? तेव्हापासून तो फळा पाहिला की माझी मान आपोआप खाली जाते. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे वाढणारीलाच खवखवत होतं.

रविवारी नणंद जेवायला आली. दुकानावरून जिना चढून वर येईपर्यंत तिचं हसू थांबेना. तिच्या जिभेला हाड नाही.

"वहिनी, काय गं ते फळ्यावर? माया कसली डोंबलाची!" आणि सुनेकडे वळून म्हणाली, "अगं, हिच्यासारखंच दिसणारं एक विषारी असतं. भल्याभल्यांना फरक कळत नाही. म्हणून पूर्वी दुपारी सुनेला खायला घालायचे. ती संध्याकाळी धडधाकट दिसली, की रात्री बाकीचे जेवायचे. सून काय, दुसरी आणता येते! आमच्या आईने तुझ्या सासूलाही चाखवलीय. विचार तिला."

मी पोळी लाटत होते. लाटणं तिथेच थांबलं.

सुनेच्या पुढ्यात तिची वाटी होती. नेहमीसारखी, दुपारची. बाकीची भाजी झाकून ठेवलेली, रात्रीसाठी. ती वाटीकडे बघत राहिली. मग झाकणाकडे बघितलं.

"आई, म्हणून मला दुपारी देता?"

"छे गं! सवय आहे नुसती. माझ्या सासूबाई द्यायच्या, म्हणून मी देते." माझा आवाज मलाच खोटा वाटला. "आणून देणारा माणूस पक्का आहे. शिवाय एकेक देठ मी स्वतः चिरून बघते. भीती कसली त्यात?"

हे सगळं खरं होतं. पण माझ्या सासूबाई माझ्याकडे दुपारभर कशा बघत बसायच्या, ते मला आठवत होतं. माझ्या सुनेशी मी असं कधी वागणार नाही, असं तेव्हा म्हटलं होतं. आणि तिसरा हंगाम मी तेच करत होते, वर त्याला माया म्हणत होते. मला स्वतःची लाज वाटली.

"म्हणजे काहीच भीती नाही ना?" सुनेने विचारलं.

"मुळीच नाही."

"मग आज तू घे." तिने वाटी शेजारी बसलेल्या नवऱ्यापुढे सरकवली. माझा मुलगा खाण्यापुढे कुणाचं ऐकतो थोडंच! "आण इकडे, उगाच वाद नको," म्हणत त्याने घास तोंडाशी नेला.

माझा पिठाचा हात त्याच्या मनगटावर कधी गेला, मला कळलंच नाही. घास पडला, वाटी कलंडली, भाजी टेबलभर पसरली.

मुलगा हसायला गेला आणि माझं तोंड पाहून थांबला. त्याच्या मनगटावर माझी बोटं पांढरी उमटली होती. सून त्या बोटांकडे बघत होती.

ती उठली. मोरीजवळचं ओलं फडकं घेतलं. मला वाटलं, टेबल पुसेल. ती जिना उतरून खाली गेली, फळा पुसायला.